जलपरी म्हणू नका

गावाच्या फाट्यावर रिक्षा वळली आणि समोर मीच उभी होते. विजेच्या दोन खांबांमध्ये ताणून बांधलेला भलामोठा बॅनर, त्यावर ‘भूमिकन्या, जलपरी कु. केतकी हिचे हार्दिक स्वागत’ अशी लाल अक्षरं, आणि खाली मी. चेहरा माझाच होता. मागच्या स्पर्धेत पाण्यातून वर येताना कोणीतरी टिपलेला. भुवया निथळत असलेल्या, तोंड श्वासासाठी उघडं. मानेखाली मात्र दुसरीच बाई होती. तिनं जांभळी पैठणी नेसली होती, हातात हिरवा चुडा भरला होता आणि तिचे खांदे उतरते, नाजूक, माझ्या खांद्यांच्या निम्मेसुद्धा नव्हते.

“रिक्षा थांबवा,” मी म्हणाले.

शेजारी बसलेल्या भाऊकाकांना वाटलं, मला फोटो काढायचाय. “कसो वाटता बॅनर?” त्यांनी कौतुकानं विचारलं. “कुडाळात करून घेतलो.”

“काका, हे अंग कोणाचं आहे?”

“ता माका काय म्हायत? त्या फोटोवाल्याकडे तयार असता तसला.” मग रिक्षावाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून ते माझ्याकडे झुकले. “तुझे सगळे फोटो तसलेच, गो. देवळाच्या वाटेर कसो लावतलंव?”

तसले म्हणजे स्विमिंग कॉस्च्यूममधले. ज्या कपड्यात मी माझ्या आयुष्याचा अर्धा भाग काढला, पदकं मिळवली, ज्याच्यामुळे हा सत्कार होणार होता, तो कपडा देवळाच्या वाटेवर चालत नव्हता. त्याच फोटोतलं माझं डोकं मात्र चालत होतं. मी रिक्षा पुढे घ्यायला सांगितली. ठाण्याहून रात्रभर गाडीत बसून आले होते, सकाळी कुडाळला उतरून गरम घावणे खाल्ले होते, वाटेवर काजूच्या मोहोराचा वास येत होता. इतका वेळ मी खरोखर आनंदात होते. तो आनंद फाट्यावरच उतरून गेला.

भाऊकाका म्हणजे बाबांचे थोरले चुलतभाऊ. आमचं मूळ गाव मालवणच्या उत्तरेला, एका खाडीच्या तोंडाशी. नाव लिहीत नाही, कारण काकूकडे मला पुन्हा जेवायला जायचंय. गावात भाऊकाकांचं किराणा दुकान आहे, ते देवस्थानच्या मंडळाचे अध्यक्ष आहेत, आणि मी स्पर्धांमधून निवृत्त झाल्याची चार ओळींची बातमी वाचून हा सत्काराचा बेत त्यांनीच ठरवला होता. मी पोहत होते तेव्हा गावाला माझी आठवण झाली नाही. थांबले तेव्हा झाली.

मी बटरफ्लाय पोहत असे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: दोन्ही हात एकाच वेळी पाण्यातून उचलून पुढे फेकायचे, पाय जोडून माशाच्या शेपटीसारखे मारायचे आणि लाटेसारखं अंग वर काढून श्वास घ्यायचा. इतर प्रकारांत दमलेला माणूस हळू होतो. बटरफ्लायमध्ये दमलेला माणूस बुडायला लागतो. शाळेत असताना आमच्या क्लबच्या सरांनी माझे हात कानामागे वाकवून पाहिले आणि म्हणाले, “ही फ्लाय मारणार.” तेव्हापासून पहाटेचा तलाव, नाकात क्लोरीन, ओल्या केसांनी शाळा. खांदे वाढत गेले. ब्लाउज शिवणारी बाई म्हणाली, “अगं, हे पुरुषाचं माप झालं.” लग्नाच्या पंगतीत एक आत्या म्हणाली, “शाल घे बाई खांद्यावरून.” ज्या खांद्यांनी राष्ट्रीय स्पर्धेत पदक आणलं, ते घरच्या प्रत्येक समारंभात झाकायची वस्तू होते.

बाकीचंही सांगते, कारण बॅनरवर ते नव्हतं. स्पर्धेला गेलो की आम्ही मुली कुठल्याशा शाळेच्या वर्गात बाकं सरकवून जमिनीवर झोपायचो. एका शहरात तलावातलं पाणी इतकं हिरवं होतं की वळताना भिंत दिसायची नाही, अंदाजानं हात टेकवायचा. एकदा परदेशातल्या स्पर्धेसाठी माझी निवड झाली. बॅग भरून तयार होती. शेवटच्या आठवड्यात कळलं की संघ छोटा केलाय. “बटरफ्लायमध्ये आपलं तसंही काही होत नाही,” असं मला फोनवर सांगणारा अधिकारी स्वतः मात्र त्या स्पर्धेला गेला, सपत्नीक. पुढच्या वर्षी उजव्या खांद्यातला स्नायू फाटला. शस्त्रक्रिया झाली, परत पोहले, परत दुखावला. शेवटच्या शर्यतीत शेवटची आले. भिंतीला दोन्ही हात लावून वर पाहिलं तर पंच पुढच्या शर्यतीचे स्पर्धक बोलावत होते. क्रीडा कोट्यातून मिळालेली नोकरी आहे, तीच आता आयुष्य. रडले नाही. चिडले होते, आणि ती चीड घेऊनच गावी आले होते.

घरी काकूनं पायांवर पाणी घातलं आणि जेवायला वाढलं: उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं तिखलं (कोकम आणि तिरफळं घातलेला दाट रस्सा), सोलकढी. इतकं चवदार जेवताना रागावून राहणं कठीण असतं. मी प्रयत्न केला. संध्याकाळी भाऊकाकांनी मला किनाऱ्यावर नेलं. सुरूच्या झाडांमागे समुद्र पसरला होता, दक्षिणेला लांबवर सिंधुदुर्ग किल्ल्याची काळसर रेघ. उजव्या हाताला खाडी समुद्राला मिळत होती आणि त्या तोंडाशी पाणी दोन रंगांचं दिसत होतं. खाडीत पोरं उड्या मारत होती. सगळे मुलगे.

“जत्रेक हय पोहण्याची शर्यत असता,” काका अभिमानानं म्हणाले. “खाडयेच्या ह्या काठापासून त्या काठापर्यंत.”

“मुलींची?”

“चेडवां खंय पोवतत?” (मुली कुठे पोहतात?) त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात मासेवाली आली. शेवंती तिचं नाव, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. डोक्यावरची पाटी उतरवून ती बसली, मला खालून वर न्याहाळलं आणि मोठ्यानं म्हणाली, “खांदे काय गो तुझे! रापण ओढूक यो आमच्याबरोबर.” रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं. माझे खांदे कशाच्यातरी उपयोगाचे आहेत, असं मला एखाद्या बाईनं म्हणण्याची ती पहिलीच वेळ. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

तिचं घर खाडीच्या काठाला. नवरा दर्यावर जातो. ती रोज पाटी घेऊन तरीनं (माणसं नेणाऱ्या होडीनं) पलीकडच्या गावात मासे विकायला जाते. मी सहज विचारलं, “पोहत असाल ना चांगल्या?”

ती आणि काकू दोघी हसल्या. “आमी? आमका खंय येता!”

“पण समुद्रावर राहता...”

“दर्यो घोवाचो,” शेवंती म्हणाली. (समुद्र नवऱ्याचा.) “आमचो बाजार.”

मग तिनं हसणं थांबवलं आणि सुमनची गोष्ट सांगितली. सुमन तिची जाऊ. दोन पावसाळ्यांपूर्वी बाजारातून परतताना दोघींची होडी वाळूच्या बांधावर अडकून कलंडली, अगदी काठाजवळ येऊन. पुरुष उड्या टाकून पोहत आले. शेवंतीच्या हाताला रिकामी पाटी लागली, तिला धरून ती तरंगत राहिली. सुमनच्या हाताला काही लागलं नाही. “पाणी केवढा? डोक्याच्या वर वायच,” शेवंती हात कपाळाच्या थोडा वर धरून म्हणाली. “काठार माणसां उभी. नाव घेवन हाका मारी हुती. आणि ती गेली.”

काकू मान खाली घालून बांगडे निवडत राहिली.

परदेशची स्पर्धा हुकली तेव्हाही मी इतकी चिडले नव्हते. पोहायला शिकताना अगदी पहिल्या आठवड्यात मुलाला पाठीवर तरंगायला शिकवतात. पहिल्या आठवड्यात! त्याला पदक लागत नाही, बटरफ्लाय लागत नाही. खाडीच्या कुशीत जन्म काढलेल्या बाईला तेवढंही कोणी शिकवलं नव्हतं, आणि तिथल्याच मुलग्यांच्या शर्यतीला ढोल वाजत होते.

“माका शिकवशीत?” शेवंतीनं एकाएकी विचारलं.

“उद्या सकाळीच.”

“काय नेसान?”

“पाय मोकळे राहतील असं काहीही.”

“गाव काय म्हणतला?” हे तिनं मला नाही, काकूला विचारलं. बांगडे निवडणारा काकूचा हात थांबला.

त्याच संध्याकाळी देवळाच्या पटांगणात सत्कार होता. प्रमुख पाहुणे फार उशिरा आले. तोपर्यंत मला काकूची साडी नेसवून व्यासपीठावर बसवून ठेवलं होतं. निवेदकानं मला किती वेळा जलपरी म्हटलं ते मी मोजलं नाही. पाहुणे म्हणाले, “मुलींनी ताईंचा आदर्श घ्यावा.” टाळ्या. “आणि आता लवकरच ताईंच्या लग्नाचे लाडू खायला मिळोत.” जास्त टाळ्या. शाल, नारळ. मग दोन शब्द बोलायला मला उभं केलं.

मी ठरवलं होतं ते विसरले. समोर डावीकडे पुरुष आणि उजवीकडे बायका बसल्या होत्या. मी म्हणाले, “इथे बसलेल्यांपैकी ज्या बायकांना पोहता येतं, त्यांनी हात वर करा.”

आधी सगळे हसले, मग कुजबुज झाली. कोणाचाच हात वर नाही. मागच्या बाजूला एका मुलीनं गमतीनं अर्धा हात उचलला, तो शेजारच्या बाईनं खाली ओढला.

“मग मला जलपरी कशाला म्हणता?” मी म्हणाले. “मी तलावातल्या पाण्यात पोहले, चारी बाजूंना भिंती असलेल्या. तुमच्या दारात खाडी आहे. त्या खाडीत सुमन नावाची बाई काठापासून चार हातांवर बुडाली. तिला कोणी...”

निवेदक हसतमुखानं पुढे आला आणि त्यानं माझ्या हातातला माइक काढून घेतला. “ताईंनी आपल्या भावना अतिशय पोटतिडकीनं मांडल्या. वेळेअभावी आपण आता पुढच्या कार्यक्रमाकडे वळू या.” लगेच स्पीकरवर गाणं लागलं. पाहुणे माझ्याकडे न बघता उठले. मी खाली उतरले. बायकांच्या बाजूला शेवंती बसली होती; ती रडत नव्हती, हसत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती.

रात्री भाऊकाका पानावरून लवकर उठले. काकूनं मात्र मी न मागता सोलकढीची वाटी पुन्हा भरली.

सकाळी पूर्ण भरती होती. अशा वेळी खाडीच्या आतल्या वळणावर, तिवरांच्या (खारफुटीच्या) आडोशाला पाणी थोडा वेळ अगदी उभं राहतं. शेवंती आली ती साडीतच. मग तिनं साडी सोडून तिवराच्या फांदीवर टाकली. आत नवऱ्याचा टी-शर्ट आणि हाफपँट. “बगू नको माका,” ती म्हणाली आणि स्वतःच स्वतःला बघून हसायला लागली.

हसणं गुडघाभर पाण्यापर्यंत टिकलं. छातीभर पाण्यात तिनं माझा दंड असा धरला की नखं उठली. जी बाई रोज या पाण्यावरून जात होती, ती त्या पाण्याला हात लावायला घाबरत होती. मी आधी तिला पाण्यात तोंड घालून बुडबुडे सोडायला शिकवलं. खोकली, थुंकली, मला शिवी दिली, परत केलं. मग मी तिच्या पाठीखाली तळवा धरला आणि म्हणाले, “मान मागे टाक. उशीवर टाकतेस तशी.”

“बुडान मी.”

“बुडणार नाहीस. माझा हात आहे.”

“काढू नको हां.”

तिनं मान टाकली. कान पाण्यात गेले की गाव ऐकू येणं बंद होतं. तिचा चेहरा एकदम सैल झाला. पाय आपोआप वर आले. मी तळवा हळूहळू खाली नेला. शेवंती तरंगत होती. डोळे आभाळात, हात पसरलेले, नवऱ्याचा टी-शर्ट पोटावर फुग्यासारखा. मी आयुष्यभर पाण्यात पुढे जायला शिकले होते. कोणाला नुसतं पाण्यावर राहताना इतकं मन लावून मी कधी पाहिलं नव्हतं.

ती उभी राहिली तेव्हा डोळे लाल होते. “सुमनीक इतक्याच येयत असता तर, गो?” (सुमनला एवढंच येत असतं तर?)

तेवढ्यात काठावरून हाक आली. “केतके! भायर ये आधी!”

भाऊकाका. धोतराचा सोगा हातात, दुसऱ्या हातात छत्री, आणि आमच्याकडे पाठ. ओल्या कपड्यांतल्या बायकांकडे बघायचं नाही म्हणून ते भाताच्या मळ्याकडे तोंड करून आमच्यावर ओरडत होते.

“गावात तोंड दाखवूक जागा ठेवलंस नाय! काल पावण्यांच्या समोर, आज ह्या!”

“काका, इकडे बघून बोला.”

“मी बगूचंय नाय!”

मी काही बोलणार, त्याआधी शेवंती पुढे झाली. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून, अगदी शांत आवाजात ती म्हणाली, “भाऊनू, सुमन बुडली त्या दिवशी तुमी हयच उभे हुतास. त्या दिवशी पाठ केलास नाय. बगीत रवलास.”

छत्री खाली आली. भाऊकाका वळले. त्यांनी शेवंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग आमच्यामधल्या पाण्याकडे. मग ते मळ्याच्या बांधावरून निघून गेले. बांधावर त्यांचा तोल एकदा गेला, तो त्यांनी छत्री टेकून सावरला.

मी उरलेले दिवस रोज शेवंतीला पाण्यात नेलं. दुसरी कोणी आली नाही. वाटेत बायका मला बघून हसायच्या, दारातून “जेवलंस काय गो?” विचारायच्या, आणि पोहण्याचं नाव काढलं की आत जायच्या. मला त्यांचा राग आला नाही. राग त्यांचा यायचा नव्हता.

निघायच्या दिवशी कुडाळला सोडायला भाऊकाकाच आले. दुसऱ्या कोणाला पाठवतील असं मला वाटलं होतं. काकूनं खापरोळ्या (गोड रसात बुडवून खायचे जाडसर घावणे) बांधून दिल्या होत्या, त्यांचा गोड वास रिक्षाभर सुटला होता. स्टेशन जवळ आलं तेव्हा भाऊकाका समोर बघत म्हणाले, “माका पण पोहूक येणा नाय.”

मी त्यांच्याकडे पाहिलं.

“आमचो बापूस दुकानदार. दर्यार धाडलान नाय कधी. त्या दिवशी ती हात वर करी हुती. मी निस्तो आराडत रवलंय.” (मी नुसता ओरडत राहिलो.)

खरं तर इथे मला त्यांची दया यायला हवी होती. आली, पण रागाच्या मागून आली. पोहता न येण्याची किंमत काय असते हे ज्या माणसानं डोळ्यांनी पाहिलं, ज्याला ते रोज टोचतं, त्याच माणसानं छत्री घेऊन यावं आणि बायकांना पाण्याबाहेर काढावं! मी म्हणाले, “मग काका, शिका. आणि शिकू द्या.”

“ह्या वयात?”

“शिकू द्यायला वय लागत नाही.”

त्यांनी माझी बॅग उचलून फलाटावर नेली. गाडी येईपर्यंत उभे राहिले.

ठाण्याला आल्यावर लोक विचारतात, मालवण कसं वाटलं? मासे, किल्ला, निळं पाणी? मी सांगते, पाणी सुंदर आहे, फार सुंदर. आणि मग माझा आवाज चढतो. ऐकणाऱ्याला वाटतं, सत्काराचं मनाला लागलं. सत्काराचं काय, तो विसरताही येईल. माझ्या कारकिर्दीत ज्यांनी मला अडवलं ते लबाड होते, त्यांच्यावर चिडणं सोपं होतं. गावात मला कोणी लबाड भेटलं नाही. सगळ्यांनी प्रेमानं जेवू घातलं. अशा माणसांवर कसं चिडायचं हे मी अजून शिकते आहे. पण चिडायचं सोडणार नाही.

गेल्या आठवड्यात शेवंतीचा फोन आला. देवस्थानच्या मंडळानं त्या वळणावर ‘येथे पोहण्यास सक्त मनाई’ अशी पाटी लावली आहे. मुलगे तिच्याच खाली कपडे ठेवून पोहतात. शेवंती आता तिवरांच्या पलीकडे जाते, आणि तिच्याबरोबर तिची बहीण आणि सुमनची मुलगी. मी संतापून बोलायला लागले, कोणाला पत्र लिहायचं, कोणाला फोन करायचा. तिनं मला थांबवलं.

“ता मरांदे गो. माजा आयक. तरीच्या होडयेत आमी बायो सगळ्यो मदी दाटीन बसतंव, एकमेकीक धरून. भ्या वाटता म्हणान. काल मी होडयेच्या कडेक बसलंय.”

“मग?”

“मगे काय? हात पाण्यात सोडलंय. पलीकडचो काठ येयपर्यंत तसोच ठेवलंय.”